अंतराचा रकाना

मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून आमच्या भिंतीवरचं एकच घड्याळ दोन शहरांना पुरतं. अमेरिकेत त्या दिवशी घड्याळं तासभर पुढे करतात आणि सिंगापूर-न्यूयॉर्कमधला तेरा तासांचा फरक बरोबर बारावर येतो. काटे तेच, जागाही त्याच. इथे संध्याकाळचे सात, तिथे सकाळचे सात. लेकीला फोन लावताना मनात काही मांडावं लागत नाही, फक्त दिवसाची रात्र करायची. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हे सुख संपतं. तास पुन्हा वाढतो आणि पुढचे चार महिने ती मला जरा जास्तच लांब गेल्यासारखी वाटते. शहरं जागची हललेली नसतात हे मला कळतं, पण वाटायचं ते वाटतंच.

ती २०१६ साली शिकायला न्यूयॉर्कला गेली. तिला विमानतळावर सोडून आलो त्या रात्री झोप येईना, म्हणून मी एक जुनी वही काढली. बरीच वर्षं शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे मन अस्वस्थ झालं की हात कागदाकडे जातो. दोन शहरांची नावं टाकली की अंतर किती आणि विमानाला वेळ किती हे इंटरनेट डोळ्याची पापणी लवायच्या आत सांगतं, हे मलाही ठाऊक होतं. पण मला आयतं उत्तर नको होतं, ते अंतर माझ्या हातून जायला हवं होतं.

सिंगापूरचा चांगी विमानतळ विषुववृत्ताच्या जेमतेम वर, १.३६ अंश उत्तर. रेखांश १०३.९९ पूर्व. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज केली. १७७.७७. पेन हातातच राहिलं. १८० ला फक्त सव्वादोन अंश कमी! म्हणजे ही दोन शहरं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर बसली आहेत. चेंडूच्या दोन विरुद्ध अंगांना, जरा वरच्या बाजूला, टाचण्या लावून मधे दोरा ताणला, तर तो बाजूने जात नाही, डोक्यावरून जातो. लेकीकडे जायचा सर्वांत जवळचा रस्ता उत्तर ध्रुवाच्या अंगणातून जात होता.

मग हिशेब पाचवीतल्या मुलालाही जमावा इतका सोपा झाला. सिंगापूरहून ध्रुवापर्यंत चढायचे ८८.६४ अंश, ध्रुवावरून न्यूयॉर्कपर्यंत उतरायचे ४९.३६. बेरीज बरोबर १३८. एका अंशाचे साठ सागरी मैल, म्हणजे ८,२८० सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटर. गुणाकार केला, १५,३३५ किलोमीटर आले. नंतर छापील आकडा पाहिला तर १५,३४९. चौदा किलोमीटरांची चूक, आणि तीही माझी म्हणण्यापेक्षा पृथ्वीची. ती पुरती गोल नाही, ध्रुवांपाशी चपटी आहे. विषुववृत्तावरचा तिचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरांनी मोठा आहे, त्यामुळे अंशाची लांबी सगळीकडे सारखी भरत नाही. शिवाय खरी रेषा नेमकी ध्रुवावरून न जाता त्याच्यापासून तीनशे किलोमीटरांच्या आतून जाते.

दुसऱ्या दिवशी रीतसर सूत्र लावूनही करून पाहिलं. गोलावरचं अंतर काढायचं जे सूत्र संगणक वापरतात, त्यात उत्क्रमज्येचा, म्हणजे एक वजा कोसाइनचा, अर्धा भाग येतो. जेम्स इनमन या इंग्रज गणितज्ञांनी १८३५ साली त्याला 'हॅवरसाइन' हे नाव दिलं. या नावातला 'साइन' आपल्या ओळखीचा आहे. साइनला आपल्याकडे 'ज्या' म्हणत, आणि आर्यभटाने ४९९ साली अशा चोवीस किमतींची सारणी दिली. त्या ज्येची जीवा झाली, अरबीत जाऊन ती जिबा झाली, लिहिताना स्वर गळाले म्हणून पुढच्या लोकांनी तो शब्द 'जैब' असा वाचला. जैब म्हणजे वस्त्राची घडी, छातीशी असते ती. लॅटिनमध्ये तिचं भाषांतर 'सायनस' झालं आणि तिथून साइन. वर्गात हे सांगताना मला दरवेळी आनंद व्हायचा. त्या रात्रीनंतर त्या शब्दात आणखी काहीतरी भरलं. धनुष्याची दोरी म्हणजे ज्या. दोन टोकांना बांधलेली, ताणलेली.

वहीत तीन रकाने आखले. तारीख, अंतर, वेळ. अंतराच्या रकान्यात १५,३४९ लिहिलं. पुढच्या ओळींत तिथे 'वरीलप्रमाणे'ची खूण करत आले आहे. वेळेच्या रकान्यात मात्र आजवर कोणतेही दोन आकडे सारखे पडलेले नाहीत.

वेळ काढणं सोपं वाटतं. प्रवासी विमान वर गेल्यावर ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने जातं. १५,३४९ भागिले ९००, सतरा तास. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरा. अंतर सांगणाऱ्या यंत्रांचा हिशेब बहुधा असाच असतो. पण वेळापत्रकात अठरा-एकोणीस तास दिसतात, कारण वेळापत्रकातला वेळ उड्डाणाचा नसतो. चाकांपुढचे ठोकळे काढून विमान गेटवरून हललं तिथपासून ते दुसऱ्या गेटवर पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा तो असतो. त्या ठोकळ्यांवरून त्याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. धावपट्टीकडे रांगत जाणं, रांगेत थांबणं, उतरायच्या शहरावर घिरट्या घालणं, सगळं त्यात आलं. आणखी एक छोटी गोष्ट मला आवडते. १५,३४९ हा आकडा जमिनीवरचा आहे. विमान अकरा किलोमीटर उंचावरून जातं, म्हणजे मोठ्या वर्तुळावरून. नुसत्या उंचीपायी वाट सव्वीस किलोमीटरांनी वाढते.

पण हे सगळं चिल्लर. मोठा हिशेब वाऱ्याचा.

एकदा सातवीतल्या एका मुलाने विचारलं होतं, "बाई, विमान हवेत नुसतंच थांबून राहिलं तर? पृथ्वी खालून फिरेल आणि न्यूयॉर्क आपोआप येईल ना?" वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. विषुववृत्तावर जमीन ताशी जवळपास १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे पळते, मग ती आपल्या खालून निसटत का नाही? कारण हवाही तिच्याबरोबर फिरते, विमानही आणि आपणही. पृथ्वी फिरते म्हणून प्रवास आयता कमी होत नाही. तिचं फिरणं वेगळ्या वाटेने कामी येतं. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची थंड. या तफावतीमुळे हवा ध्रुवाकडे ओढली जाते आणि पृथ्वीच्या फिरण्याने पूर्वेकडे वळते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर या वाऱ्याच्या नद्या होतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानवर तिचा वेग ताशी तीनशे किलोमीटरांच्याही वर जातो.

ती प्रथम नीट मोजली जपानी हवामानशास्त्रज्ञ ओइशी वासाबुरो यांनी. १९२०च्या दशकात जपानमधल्या तातेनो वेधशाळेतून ते फुगे सोडत आणि दुर्बिणीतून त्यांच्या मागावर राहत. उंचावर गेलेला फुगा भलत्याच वेगाने पूर्वेला निघून जातो, हे त्यांच्या लक्षात आलं. जगभरच्या लोकांना वाचता यावं म्हणून त्यांनी १९२६ साली ही निरीक्षणं एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापली, आणि बाहेर ती जवळजवळ कुणीच वाचली नाहीत. मला या माणसाबद्दल फार वाटतं. सगळ्यांना कळावं म्हणून सगळ्यांची भाषा निवडली, आणि ती कुणाचीच निघाली नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंच उडणारी अमेरिकी विमानं त्या वाऱ्यात सापडली, तेव्हा कुठे बाकीच्यांना त्याचा खरा जोर कळला.

हा वारा मिळाला तर काय होतं याचं उदाहरण २०२० सालच्या फेब्रुवारीतलं आहे. न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं एक विमान वादळाच्या पाठबळावर ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी या वाटेला साडेसहा-सात तास लागतात आणि उलट दिशेने सात-साडेसात, कधी आठही. अंतर तेच, फक्त वारा पाठीशी आहे की तोंडावर एवढाच फरक.

मग सिंगापूर-न्यूयॉर्कचं काय? इथे त्या समोरासमोरच्या रेखांशांची खरी गंमत आहे. शहरं पृथ्वीच्या दोन अंगांना असल्यामुळे पूर्वेकडून गेलं काय आणि पश्चिमेकडून गेलं काय, फार बिघडत नाही. ध्रुवावरची सरळ वाट कागदावर सर्वांत छोटी खरी, पण तिथे इंधन गोठणार नाही याची काळजी घ्यावी लागते, अडल्यास उतरायला विमानतळ विरळ, कुणाच्या आकाशातून जायची परवानगी आहे तेही पाहायचं. म्हणून वारा पाहून वाट ठरते, आणि पुष्कळदा असं होतं की सिंगापूरहून निघालेलं विमान पूर्वेला पॅसिफिक ओलांडून न्यूयॉर्कला जातं आणि न्यूयॉर्कहून निघालेलं पूर्वेलाच अटलांटिक ओलांडून सिंगापूरला येतं. जाताना वारा पाठीशी, येतानाही पाठीशी. नकाशावरच्या अंतरापेक्षा कधी हजारावर किलोमीटर जास्त पडतात, तरी वेळ वाचतो. म्हणजे माझी लेक अटलांटिककडून घरी आली आणि पॅसिफिककडून परत गेली की तिची एक पृथ्वीप्रदक्षिणा पुरी होते. हे वहीत लिहिताना मी त्या ओळीखाली रेघ मारली होती.

भिंतीवरच्या नकाशात यातलं काही दिसत नाही. १५६९ साली मर्केटरने जहाजांसाठी जो नकाशा काढला, त्याच्या पद्धतीत वरवर जावं तसं सगळं ताणत जातं. ध्रुव तर त्यावर काढताच येत नाही, तो कागदाच्या पार वर, अनंतात पडतो. लेकीकडे जाणारी सर्वांत छोटी रेषा त्या नकाशावर मावतच नाही, वरच्या कडेवरून बाहेर निघून जाते.

२०१६ मध्ये ती गेली तेव्हा थेट विमानच नव्हतं. आधी होतं. २००४ साली सिंगापूर एअरलाइन्सने न्यूयॉर्कला लागून असलेल्या न्यूअर्कला चार इंजिनांच्या एअरबस ए-३४०-५०० विमानाने थेट सेवा सुरू केली. ती जगातली सर्वांत लांबची होती. पण चार इंजिनांना लागणारं इंधन परवडेना, आणि २०१३च्या नोव्हेंबरमध्ये ती बंद झाली. मधली पाच वर्षं सगळ्यांना कुठेतरी उतरावंच लागे. तिच्या पहिल्या प्रवासात मधल्या शहरात विमान चुकलं, ती रात्रभर बाकावर बसून राहिली, आणि वहीत पहिलाच आकडा पडला ३३ तास. अंतराच्या रकान्यात १५,३४९ आणि शेजारी हे ३३. दोन्ही आकडे खरे होते, पण ते एकाच प्रवासाचे आहेत असं कुणाला पटलं नसतं.

११ ऑक्टोबर २०१८ ला थेट विमान पुन्हा सुरू झालं, या वेळी दोन इंजिनांचं. ए-३५०च्या या अतिलांब पल्ल्याच्या प्रकारात १,६५,००० लिटर इंधन मावतं. वजनात सांगायचं तर सुमारे १३० टन. भरलेलं विमान उडताना २८० टनांचं असतं, म्हणजे जवळपास निम्मं विमान इंधनाचंच. त्यातलं बरंचसं इंधन उरलेलं इंधन वाहून न्यायलाच जळतं. म्हणून माणसं कमी घ्यावी लागतात. एरवी तीनशेच्या वर लोक बसतात तिथे १६१ आसनं. टाकी पूर्ण भरली तर माणशी हजार लिटर. हा आकडा मला टोचतो आणि टोचायलाच हवा. लेक घरी येते त्याचा आनंद मोठा आहे, पण तिच्या वाटणीचे हजार लिटर कुठेतरी जळलेले असतात आणि माझ्या वहीत त्यांना रकाना नाही.

त्या पहिल्या उड्डाणाला १७ तास ५२ मिनिटं लागली. बातमी वाचून मी लेकीला फोन केला, जणू तिनेच काही जिंकलं होतं.

मार्च २०२० मध्ये तेही थांबलं.

एप्रिलमध्ये तिला ताप आला. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा काय चाललं होतं ते सगळ्या जगाने पाहिलं आहे. ती एका खोलीत एकटी होती. आम्ही नऊ दिवस फोन चालू ठेवून झोपलो, नीट म्हणायचं तर झोपलो नाही. एका रात्री मी पुन्हा दोन शहरांची नावं टाकून पाहिली. यंत्राने शांतपणे सांगितलं, १५,३४९ किलोमीटर, साधारण अठरा तास. एकही विमान जात नव्हतं, तरी ते सांगत होतं. त्याचं चुकत नव्हतं. ते जमिनीबद्दल बोलत होतं, मी विचारत होते दुसरंच काही.

त्या दिवसांत मी जुनं काहीबाही वाचत बसे. १९४२ साली सिंगापूर पडलं तेव्हा ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला जाणारी हवाई वाट तुटली. ती जोडायला १९४३ पासून पर्थहून श्रीलंकेतल्या कोग्गला तळ्यापर्यंत कॅटालिना जातीची, पाण्यावर उतरणारी विमानं मधे कुठेही न थांबता जाऊ लागली. २७ ते ३३ तास. इंधनासाठी वजन इतकं घटवलेलं की प्रवासी तिघंच आणि सुमारे ६९ किलो टपाल. खाली शत्रूचा पहारा, त्यामुळे रेडिओ मुका ठेवायचा आणि ताऱ्यांवरून वाट काढायची. आतल्या लोकांना एकाच प्रवासात दोनदा सूर्योदय दिसे, म्हणून त्याला दुहेरी सूर्योदयाची वाट म्हणत आणि प्रवाशांना तसं प्रमाणपत्रही देत. मी विचार करत राहिले तो घरच्यांचा. तेहतीस तास काहीच ऐकू येत नाही, आणि कुठे आहे हे विचारायची सोयही नाही. माझी लेक निदान फोनवर खोकत होती.

ती बरी झाली. नोव्हेंबरमध्ये विमान पुन्हा सुरू झालं, आता केनेडी विमानतळावरून, आणि डिसेंबरमध्ये ती आली. वहीत लिहिलं, १८ तास १० मिनिटं. पण ती घरी आली नव्हती. अमेरिकेहून येणाऱ्याला तेव्हा चौदा दिवस ठरवून दिलेल्या हॉटेलात काढावे लागत. विमानतळावरून बस परस्पर तिकडे घेऊन गेली. हॉटेल आमच्यापासून बारा किलोमीटरांवर.

पंधरा हजार किलोमीटर अठरा तासांत, आणि उरलेले बारा चौदा दिवसांत.

तिच्या खोलीची खिडकी उघडत नव्हती. तिसऱ्या संध्याकाळी मी आणि तिचे बाबा समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिलो. तिने एकोणिसावा मजला सांगितला होता. आम्ही खालून मजले मोजू लागलो. त्यांचे अठरा भरले, माझे वीस. शेवटी ती फोनवर म्हणाली, "आई, मोजू नकोस, मी दिवा लावते." इतक्या सगळ्या उजळलेल्या खिडक्यांत एक विझली, पेटली, पुन्हा विझली. तेवढ्यावरून ती कुठे आहे ते कळलं. नंतरचे अकरा दिवस आम्ही रोज जात होतो. त्या ओळीच्या वेळेच्या रकान्यात मी १८ तास १० मिनिटं खोडलं नाही, फक्त पुढे अधिकचं चिन्ह काढून १४ दिवस लिहिलं.

आता वाटा पुन्हा सुरळीत आहेत, निदान या दोन शहरांमधल्या. सगळीकडे तसं नाही. २०२२ पासून रशियाचं आकाश मिटल्यामुळे हेलसिंकीहून टोकियोला जायला पूर्वी साडेनऊ तास लागत तिथे तेरा लागू लागले. विमानं कधी ध्रुवावरून, कधी दक्षिणेकडून वळसा घालून जातात. दोन्ही शहरं होती तिथेच आहेत. त्या वाटेवरही कुणाची तरी आई असेल आणि तिने कुठेतरी हे साडेतीन तास लिहून ठेवले असतील, असं मला उगीच वाटतं.

काल रात्री लेक परत गेली. निघताना तिने वही पाहिली आणि विचारलं, "अंतर दरवेळी का लिहितेस? बदलत तर नाही." मी म्हटलं, "लिहीत कुठे आहे, खुणाच तर करते."

आत्ता सकाळचे साडेसहा झालेत. पडद्यावर तिच्या विमानाचा ठिपका जपान मागे टाकून पॅसिफिकवर आलाय. जमिनीवरच्या केंद्रांना एवढ्या लांबचं विमान ऐकू येत नाही, त्यामुळे मघापासून रेघ तुटक झाली आहे. म्हणजे विमान तिथे असणार असा अंदाज आहे. शेवटचा वेग दिसला तो ताशी १,०९० किलोमीटर. नऊशेच्या विमानाला एवढा वेग म्हणजे वरचे एकशे नव्वद वाऱ्याचे. तारीख लिहिली आहे. अंतराच्या रकान्यात खूण केली आहे. पेन वहीतच ठेवून उठते आहे, थोड्या वेळाने पुन्हा बघेन.